बँकेच्या मेजावरील कवी

पोटासाठी नोकरी धरली की कवीची प्रतिभा कोमेजते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. टी. एस. एलियट यांचे चरित्र त्याला छेद देते; मात्र त्यांनी मोजलेली किंमतही दृष्टीआड करता येत नाही.

अमेरिकेतील सेंट लुई येथे १८८८ साली जन्मलेल्या एलियट यांनी हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाबरोबरच संस्कृत व पाली या भाषांचे अध्ययन केले. १९१४ साली ते इंग्लंडला गेले, तेथेच विवाह करून राहिले आणि प्राध्यापकीचा सरळ मार्ग त्यांनी सोडला. काही काळ शाळेत शिकविल्यावर १९१७ साली ते लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीस लागले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षीचा. पुढे युद्धपूर्व कर्जांचे किचकट हिशेब त्यांच्याकडे आले. दिवसा बँक, रात्री समीक्षालेखन आणि घरी पत्नीचे आजारपण, या ओढाताणीत १९२१ साली त्यांची प्रकृती ढासळली. बँकेने दिलेल्या तीन महिन्यांच्या रजेत ‘द वेस्ट लँड’ आकारास आले. एझरा पाउंड यांनी त्याची निष्ठुर काटछाट केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या या काव्याने इंग्रजी कवितेचे वळणच पालटले. उद्ध्वस्त युरोपचे हे चित्र अखेरीस उपनिषदातील दान, दया व दमन या त्रिसूत्रीपाशी येऊन ठेपते, हे विशेष होय.

वर्गणी जमवून त्यांना बँकेतून सोडविण्याचा घाट मित्रांनी घातला. परंतु अनिश्चित देणग्यांसाठी निश्चित वेतन सोडण्यास एलियट तयार झाले नाहीत. १९२५ साली प्रकाशनसंस्थेत स्थिर पद मिळाल्यावरच त्यांनी बँक सोडली.

पुढे ते पद्यनाट्याकडे वळले. ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ हे नाटक १९३५ साली कँटरबरीच्या धर्मपीठातच रंगले. हौतात्म्याच्या कीर्तीचा मोह हा धर्माधिकारी बेकेटपुढील शेवटचा आणि सर्वांत अवघड मोह ठरतो. सत्कृत्यामागील हेतूही तपासून पाहावा, हा त्याचा आशय.

१९४८ साली नोबेल पारितोषिक आले. त्यापूर्वीच त्यांची विभक्त पत्नी मनोरुग्णालयात निवर्तली होती. एलियट १९६५ साली वारले.

नियमित वेतनाने त्यांना बाजाराच्या मागणीपासून मुक्त ठेवले. कमी लिहिण्याचे स्वातंत्र्य दिले. पण त्याच दिनक्रमाने त्यांचे स्वास्थ्यही हिरावले. नोकरी प्रतिभेची वैरीण नव्हे, हे खरे. परंतु जेथे रजा मिळत नाही, तेथे किती काव्ये अलिखित राहत असतील, याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही.