विश्लेषण : मुंबईच्या प्लेगवर साथींचे गणित तपासणारे डॉ. मॅकेन्ड्रिक कोण होते?

करोनाकाळात ‘आर व्हॅल्यू’, ‘पीक’, ‘हर्ड इम्युनिटी’ हे शब्द घरोघरी पोहोचले. या शब्दांमागचे गणित १९२७ साली मांडले गेले आणि ते पडताळण्यासाठी आकडे वापरले गेले मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे. आज कोल्हापुरात काय किंवा अन्यत्र काय, गणिताचा पदवी विद्यार्थी साथरोगांवर प्रकल्प करायला घेतो, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा याच समीकरणांपासून होते. ती मांडणाऱ्या दोघांपैकी एक, अँडरसन ग्रे मॅकेन्ड्रिक, हे गणिताचे प्राध्यापक नव्हते. ते भारतात नोकरी केलेले डॉक्टर होते.

डॉक्टर गणिताकडे कसे वळले?

मॅकेन्ड्रिक यांचा जन्म १८७६ मध्ये एडिनबर्गमध्ये झाला. वडील शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. ग्लासगोतून १९०० मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’मध्ये आले. १९०१ मध्ये मलेरियाविरोधी मोहिमेसाठी ते रोनाल्ड रॉस यांच्यासोबत पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेले. डासांतून मलेरिया पसरतो हे दाखवणारे आणि त्यासाठी १९०२ चे नोबेल मिळवणारे ते हेच रॉस. मलेरिया हटवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली तरी रोग ओसरतो, असे रॉस यांनी पुढे गणिताने मांडले. रॉस यांच्या सहवासात मॅकेन्ड्रिक यांनाही या गणिताची गोडी लागली. पुढे ते हिमालयातील कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले आणि तिचे संचालकही झाले. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्यांवर तिथे उपचार होत. ही नोकरी सांभाळत त्यांनी उच्च गणित आत्मसात केले.

आजारी न पडलेल्या घरांतून काय कळले?

त्यांची विचार करण्याची पद्धत एका उदाहरणातून दिसते. भारतातील एका गावात कॉलऱ्याची साथ आली. गावात २२३ घरे होती. ३२ घरांत प्रत्येकी एक रुग्ण, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. उरलेल्या १६८ घरांत एकही नाही. वरवर पाहता ही १६८ घरे नशिबाने वाचली, असेच कोणीही म्हणेल.

मॅकेन्ड्रिक यांनी उलटा हिशेब केला. रुग्ण असलेल्या ५५ घरांतील आकड्यांची वाटणी पाहता, रोगाच्या तडाख्यात आलेली घरे सुमारे ९३ असावीत, असे उत्तर आले. म्हणजे केवळ नशिबाने वाचलेली घरे जेमतेम ३७ ते ३८. उरलेल्या सुमारे १३० घरांपर्यंत संसर्ग पोहोचलाच नव्हता. गावात अनेक विहिरी असून त्यातली एखादीच दूषित असावी, या शक्यतेकडे हा हिशेब बोट दाखवत होता. हा अभ्यास त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. अपुऱ्या माहितीतून अंदाज काढण्याच्या आधुनिक संख्याशास्त्रीय पद्धतींचा आरंभ म्हणून त्याचा आजही उल्लेख होतो.

केरमॅक यांची जोड कशी जमली?

आजारपणामुळे मॅकेन्ड्रिक १९२० मध्ये मायदेशी परतले आणि एडिनबर्गच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तिथे त्यांना विल्यम केरमॅक हे तरुण रसायनशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभले. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात दाहक रसायन डोळ्यांत जाऊन केरमॅक यांची दृष्टी कायमची गेली. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यांनी संशोधन सोडले नाही. तीनच वर्षांत या दोघांचा साथरोगांच्या गणितावरील प्रबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

समीकरण नेमके काय सांगते?

प्रबंधातील सर्वांत सोप्या मांडणीत लोकसंख्येचे तीन गट होतात : लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे होऊन किंवा मृत्यूमुळे साखळीबाहेर गेलेले. नवे रुग्ण किती वाढतील हे पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरते, कारण संसर्गासाठी दोन्ही बाजूंची माणसे भेटावी लागतात. या गुणाकारामुळेच समीकरण ‘अरेषीय’ होते. दोन्ही गट दुप्पट झाले, तर नव्या रुग्णांचा वेग चौपट होतो.

समजा, १,००० वस्तीच्या गावात सुरुवातीला एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो. लागण होऊ शकणारे लोक ५०० वर आले, की एक रुग्ण सरासरी एकालाच लागण देतो आणि लाट उतरणीला लागते. पण ती तिथेच थांबत नाही. शेवटी सुमारे ८०० जणांना लागण होते आणि सुमारे २०० जण सुटतात. सगळे गाव आजारी पडण्याआधीच साथ संपू शकते आणि संवेदनक्षम लोक एका मर्यादेपेक्षा कमी असतील, तर ती सुरूच होत नाही, हा या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष. लसीकरणामागचे गणितही हेच आहे.

मुंबईचा संबंध कुठे आला?

मुंबईत १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढच्या काही वर्षांत तो पुण्यासह राज्यभर पसरला. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानालाही त्याची झळ बसली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

मुंबईत प्लेगच्या मृत्यूंची आठवडावार नोंद होत होती. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील नोंदी मॅकेन्ड्रिक व केरमॅक यांनी घेतल्या. त्यांच्या सूत्राने काढलेली वक्ररेषा एप्रिलच्या मध्याला आठवड्याला ८९० मृत्यूंपर्यंत चढून पुन्हा खाली येते. या रेषेखालील एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके या रेषेच्या अगदी जवळ पडले. त्यामुळे हा आलेख पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

मग अडचण काय?

प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांतून पसरतो. समीकरण मात्र एका गटातून दुसऱ्या गटात थेट होणाऱ्या संसर्गाचे होते. शिवाय मुंबईत प्लेग दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरायचा, कारण पिसवांच्या वाढीवर तापमान व आर्द्रतेचा परिणाम होतो. म्हणजे १९०६ ची लाट लागण होऊ शकणारे कमी झाले म्हणून उतरली की ऋतू बदलला म्हणून, हे केवळ जुळलेल्या रेषेवरून सांगता येत नाही. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हा आक्षेप सविस्तर मांडला.

मूळ लेखकांनी ही बाब लपवली नव्हती. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके पूर्णपणे खरी नाहीत आणि उत्तर ढोबळ आहे, असे त्यांनी प्रबंधातच नमूद केले होते. पुढे आलेख सर्वत्र छापला गेला, गृहीतके मात्र मागे पडली.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

संगणकावर ही समीकरणे आता काही मिनिटांत सुटतात. तीन-चार आकडे बदलले, की आपल्या शहराच्या नोंदींशी जुळणारी रेषा मिळते. पण त्या रेषेवरून बाजारपेठ कधी बंद करायची, किती खाटा लागतील, लस आधी कोणाला द्यायची हे ठरणार असेल, तर चुकीच्या कारणावर बेतलेली अचूक रेषा जिवावर बेतू शकते. उंदरांचा बंदोबस्त करायचा की माणसांना वेगळे ठेवायचे, हे रोग कसा पसरतो यावर ठरते; आलेखाच्या आकारावर नाही. त्यामुळे चांगल्या प्रकल्पात आलेखाइतकीच गृहीतकांची यादी महत्त्वाची ठरते. डेंग्यू असेल तर डासांचा गट हवा, कॉलरा असेल तर पाण्याचा.

मॅकेन्ड्रिक १९४१ मध्ये प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि १९४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत या कामाची दखल मर्यादितच राहिली. संसर्गजन्य रोगांच्या अभ्यासात ही समीकरणे सर्रास वापरली जाऊ लागली, ती त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.