लवंगेचा पाठलाग

डब्यातली लवंग म्हणजे झाडाची न उमललेली कळी. आपल्या राजूर-वणीकडे कापूस आणि कोळसा. लवंगेला हवी दमट हवा, भरपूर पाऊस आणि पाणी न साचणारी जमीन. हे झाड मोलुक्का बेटांबाहेर नेण्याच्या ध्यासात पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाची उमेदीची वर्षे गेली. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी मिरे!

तो १७१९ साली लियाँ शहरात रेशीम व्यापाऱ्याच्या घरी जन्मला आणि मिशनरी होण्यासाठी चीनला गेला. १७४५ साली परतीच्या वाटेवर इंग्रजांनी जहाजावर हल्ला केला. तोफगोळ्याने त्याचा उजवा हात गेला आणि धर्मगुरू होण्याची वाटही खुंटली. कैदी म्हणून तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात पोहोचला. डचांचा मसाल्याचा मक्ता त्याने तिथे जवळून पाहिला. डचांनी लवंगेची लागवड अंबोन व भोवतालच्या बेटांपुरती ठेवून इतरत्रची झाडे तोडून टाकली होती. कारण एकच, भाव पडू नये. केवढी ही निष्ठुर हिशेबी वृत्ती!

प्वाव्रने डोक्यात घेतले, की ही रोपे फ्रेंचांच्या ताब्यातील मॉरिशसवर लावायची. १७५३ साली त्याने जायफळाची थोडी रोपे आणली, ती मेली. तिथल्या वनस्पतितज्ज्ञानेच ती मारली, असा त्याचा आरोप होता. खरे-खोटे सांगणे कठीण. हेवेदावे मात्र होतेच. तो हात हलवीत मायदेशी परतला.

१७६७ साली तोच त्या बेटाचा मुख्य कारभारी होऊन आला. त्याने पांपलमूस येथील बाग विकत घेतली, जंगलतोडीला आळा घालणारे नियम केले आणि प्रोव्होस्त नावाच्या माणसाला जहाजे देऊन पूर्वेकडे धाडले. जून १७७० मध्ये जहाजे परतली. जायफळाची रोपे शेकड्यांनी होती, लवंगेची जेमतेम सत्तर. १७७२ साली दुसरी खेप आली आणि त्याच वर्षी प्वाव्रने बेट सोडले. ज्या झाडांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांना कळ्या आलेल्या त्याने पाहिल्याच नाहीत. बाग सेरे याने सांभाळली. १७७६ साली लवंग फुलली, तेव्हा प्वाव्र फ्रान्समध्ये होता. १७८६ साली तो लियाँमध्येच वारला.

मॉरिशसवर अखेर जम बसला तो उसाचा. कोकणातून गेलेले मराठी मजूर पुढे त्याच उसात राबले. लवंग मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे सरकली, एकोणिसाव्या शतकात झांजीबारला रुजली. आजही भारतात येणाऱ्या लवंगेचा मोठा भाग झांजीबार, मादागास्कर, कोमोरोस याच बाजूचा असतो.