अणुभट्टीच्या आधीचे होमी भाभा

होमी भाभा म्हटलं की ट्रॉम्बे आठवतं. पण जगभरच्या फिजिक्सच्या पुस्तकांत त्यांचं नाव आलं ते त्याच्या कितीतरी आधी, इलेक्ट्रॉनमुळे.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागायचं, असा घरच्यांचा बेत होता. मुलगा मात्र फिजिक्सच्या नादी लागला. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग गणिताचा खर्च आम्ही देऊ. १९३० मध्ये पहिला वर्ग मिळाला आणि टाटांचा एक इंजिनिअर कमी झाला!

तेव्हा एक कोडं होतं. अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे एकाच वेळी कणांची अख्खी सर का कोसळते? १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी उत्तर दिलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना त्याच्या विद्युतक्षेत्रात वळतो आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर टाकतो. तो फोटॉन दुसऱ्या केंद्राजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनतो. ही जोडी पुन्हा फोटॉन सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार. ऊर्जा वाटली जाऊन पुरेनाशी झाली की सर थांबते. तुम्ही वाशिमच्या शेतात असा की मुंबईच्या लोकलमध्ये, डोक्यावरच्या हवेत हे आत्ताही चालू आहे.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या विभागात काम धरलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, मग अणुऊर्जा आयोग, १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

पहिला लेझर १९६० चा, पण तो फारच दुबळा होता. आजच्या तीव्र लेझरचं क्षेत्र अणुकेंद्रासारखंच इलेक्ट्रॉनला हलवतं आणि फोटॉन सोडायला लावतं. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेने ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन लेझरवर आदळवले. त्यातून निघालेले फोटॉन त्याच लेझरच्या प्रकाशाशी धडकले आणि शंभराच्या आसपास पॉझिट्रॉन मिळाले. हा निकाल आला १९९७ मध्ये.