आबालाल रहिमान : कोल्हापूरचं ऊन रंगवणारा माणूस

निपाणी : सीमाभागातल्या माणसाला कोल्हापूर परकं नाही. अंबाबाईचं दर्शन, लग्नाचा बस्ता, दवाखाना, कशासाठी ना कशासाठी आपली गाडी तिकडे वळतेच. पण त्याच कोल्हापूरचे घाट, तळी आणि झाडं कागदावर उतरवणाऱ्या आबालाल रहिमान यांचं नाव आपल्याकडच्या किती पोरांना ठाऊक आहे?

आबालाल यांच्या घरी कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार व्हायच्या. त्यामुळे अक्षराचं वळण आणि बारीक नक्षीकाम लहानपणीच हातात बसलं. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत शिकवण्याची पद्धत विलायती होती. मुंबईत राहून शेठ-सावकारांची व्यक्तिचित्रं काढली असती तर पैसा मिळाला असता. आबालाल मात्र गावी परतले.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. तरी त्यांचा जीव रमला तो निसर्गचित्रात. इंग्लंडच्या कॉन्स्टेबलने आपल्या गावाकडची स्टूर नदी पुन्हा पुन्हा रंगवली. आबालाल यांनी तसंच पंचगंगेचा घाट, रंकाळा आणि संध्यामठ रंगवला. तंत्र साहेबाकडून घेतलं, पण ऊन, पाणी आणि माती इथलीच.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रं तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. त्यानंतरचा काळ एकांताचा. १९३१ साली ते वारले. त्यांची जी थोडी चित्रं उरली, त्यावरूनच आता त्यांची ओळख करून घ्यावी लागते.

पण चित्रं गेली म्हणून वाट बुजली नाही. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी अशा मंडळींनी कोल्हापूरला कलापूर केलं. बाबूरावांनी तर कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला. बेळगावातही के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकार-शिक्षकाने मुलांच्या हाती रंग दिले.

राज्याची हद्द १९५६ साली आखली गेली. आबालाल यांच्या काळात ती नव्हती आणि त्यांच्या चित्रातल्या उन्हाला ती आजही नाही. पुढच्या खेपेला कोल्हापुरात गेलात, तर बाजार आटोपून तासभर टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा. पोरांनाही सोबत न्या.