सिस्टर एलिझाबेथ केनी : हरवलेली चाल शोधणारी बाई

पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक, अशी मुले माझ्या पिढीतल्या बायकांनी शाळेत, चाळीत, देवळाच्या पायऱ्यांवर पाहिलेली आहेत. आजच्या तरुण आयांना ते दृश्य फारसे ठाऊक नाही, हे आपले मोठे भाग्य. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओच्या रविवारी बाळांना कडेवर घेऊन केंद्रावर नेण्यात आपल्यासारख्या मंडळांतील कितीतरी भगिनींचा वाटा आहे. परंतु लस निघण्यापूर्वी ज्यांना हा आजार गाठी, त्यांचे काय होत असे? लुळा पडलेला हात किंवा पाय पुन्हा हलावा म्हणून कोणी काय केले? स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा याच प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या सिस्टर केनी माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

एलिझाबेथ केनी यांचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात वॉरियाल्डा या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. घरची स्थिती बेताची, त्यात कुटुंब गावोगाव फिरत असल्यामुळे शिक्षण असे थोडेच झाले. पुढे हे कुटुंब क्वीन्सलंड प्रांतातील नॉबी या लहानशा गावी स्थिरावले. सतराव्या वर्षाच्या सुमारास घोड्यावरून पडून एलिझाबेथचे मनगट मोडले आणि उपचारासाठी तिला टुवूम्बा येथील डॉक्टर एनियस मॅक्डॉनल यांच्याकडे नेले. तेथे हात बरा होईपर्यंत ही मुलगी डॉक्टरांची शरीरशास्त्राची पुस्तके वाचीत बसे, आणि त्यांच्याकडील हाडांचा सांगाडा निरखीत असे. कोणता स्नायू कोठून निघतो, कोठे जाऊन चिकटतो आणि काय हलवितो, हे वेड तिला येथेच लागले. डॉक्टर मॅक्डॉनल जन्मभर त्यांचे मार्गदर्शक राहिले.

परिचारिकेची रीतसर परीक्षा मात्र त्यांनी कधी दिल्याचे दिसत नाही. नर्सचा पोशाख शिवून घ्यावा, घोड्यावर बसावे आणि हाक येईल त्या शेतावर, त्या झोपडीत जाऊन आजाऱ्याची सेवा करावी, असे त्यांचे काम १९१० च्या सुमारास सुरू झाले. आपल्याकडे जुन्या काळी अनुभवाने शहाणी झालेली सुईण जशी गावोगाव जाई, तशातलाच हा प्रकार.

पहिल्या पोलिओच्या मुलीची हकिगत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे. वर्ष १९११. दूरच्या एका शेतावर एक लहान मुलगी वेदनेने तळमळत होती, पाय आखडून गेले होते. केनींनी डॉक्टर मॅक्डॉनल यांना तार केली. उलट तार आली की हा बालपक्षाघात दिसतो, यावर निश्चित उपाय नाही, दिसेल त्या लक्षणाप्रमाणे करावे. केनींना दिसले ते असे, की स्नायू घट्ट आवळलेले आहेत आणि दुखत आहेत. मग आई किंवा आजी जे करील तेच त्यांनी केले. लोकरी कापड उकळत्या पाण्यात बुडविले, पिळून कोरडे केले आणि त्याचा शेक दिला. मुलीला आराम पडला. या हकिगतीतील बारीकसारीक तपशिलांविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, पण आजाऱ्याकडे पुस्तकातून न पाहता डोळ्यांनी पाहण्याची त्यांची रीत तीतून स्वच्छ दिसते.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ साली त्या लष्करी परिचारिका झाल्या. जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर त्यांनी सेवा केली, आणि १९१७ च्या नोव्हेंबरात त्यांना सिस्टर ही पदवी मिळाली. पुष्कळांचा समज होतो की त्या जोगीण होत्या. तसे नव्हे, सिस्टर हा लष्करी शुश्रूषा खात्यातील हुद्दा. तोच पुढे जन्मभर त्यांच्या नावामागे राहिला. युद्धानंतर त्यांनी रुग्णाला हादरे न बसता नेता यावे असे एक स्ट्रेचर तयार केले. ‘सिल्व्हिया’ या नावाने १९२७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांनी लग्न केले नाही, परंतु मेरी नावाची एक मुलगी दत्तक घेतली. हीच मेरी पुढे त्यांच्या पद्धतीची जाणकार झाली आणि त्यांच्याबरोबर काम करू लागली.

आता त्यांचे खरे कार्य कळण्यासाठी पोलिओ म्हणजे काय ते थोडे सांगावे लागेल. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरून, स्नायूंना हुकूम धाडणाऱ्या पेशींचा नाश करतो. हुकूमच पोचत नाही म्हणून पाय हलत नाही. त्या काळचे डॉक्टर असे मानीत, की दुबळ्या स्नायूला निरोगी स्नायू ओढून घेतो आणि त्यामुळे अवयव वाकडा होतो. म्हणून हातपाय सरळ ठेवून फळ्यांना बांधायचे किंवा प्लास्टरमध्ये घालायचे, आणि कित्येक महिने हलू द्यायचे नाही. विचार वरवर योग्य होता. परंतु चार-सहा महिने बांधून ठेवलेला धडधाकट पायसुद्धा काठीसारखा होतो, हे ज्यांच्या घरी हाड मोडलेले माणूस झाले आहे त्या कोणाही बाईला सांगावयास नको.

केनीबाईंनी नेमके उलट केले. फळ्या सोडल्या. लोकरीच्या घोंगडीचे तुकडे कापून ते उकळत्या पाण्यातून काढावयाचे, पिळण्याच्या यंत्रातून दोनदा पिळावयाचे, म्हणजे थेंबही गळत नाही आणि कातडी भाजत नाही. हे तुकडे स्नायूभोवती गुंडाळावयाचे, सांधे मात्र मोकळे ठेवावयाचे. निवले की पुन्हा नवे. रुग्णाला टणक गादीवर निजवून पायथ्याशी फळी लावीत आणि तळवे तिला टेकवून ठेवीत, म्हणजे उभे राहण्याची जाणीव शरीर विसरत नाही. वेदना आणि आखडलेपणा कमी झाला, की दुसरा भाग सुरू होई, आणि मला वाटते तोच त्यांच्या कामाचा गाभा आहे. त्या मुलाचा पाय स्वतःच्या हाताने हळूहळू हलवीत आणि हा अमुक स्नायू, तो येथे चिकटलेला आहे, तुझे मन येथे आण, असे त्याला समजावून देत. जोर लावावयाचा नाही, घाई करावयाची नाही. एका स्नायूचे काम दुसऱ्या स्नायूकडून चोरून करून घ्यावयाचे नाही. कारण चुकीची हालचाल एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. त्यांच्या मते पुष्कळ स्नायू मेलेले नसून मन आणि स्नायू यांची ओळख तुटलेली असे, आणि ती ओळख पुन्हा करून द्यावी लागे.

१९३२-३३ च्या सुमारास टाउन्सव्हिल येथे एका हॉटेलाच्या मागील आवारात, कनातीखाली त्यांनी उपचार सुरू केले. जुन्या पोलिओची आणि मेंदूच्या विकाराने हातपाय आखडलेली मुले तेथे येऊ लागली. लोकांचा ओढा वाढला तसे सरकारला लक्ष घालावे लागले. केंद्रे निघाली, आणि १९३५ साली डॉक्टरांची एक चौकशी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९३८ च्या जानेवारीत बाहेर पडला. फळ्या सोडणे ही गंभीर चूक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी १९३७ साली केनी इंग्लंडला गेल्या होत्या आणि कार्शल्टन येथील क्वीन मेरी रुग्णालयात त्यांना काम करण्यास जागा मिळाली होती; पण तेथेही डॉक्टरांचे समाधान झाले नाही. तरीही १९३९ साली ब्रिस्बेनच्या सरकारी रुग्णालयात त्यांना एक वॉर्ड देण्यात आला, आणि त्यांचे रुग्ण लवकर सुधारतात व त्यांचे अवयव अधिक लवचीक राहतात असे तेथील मुख्य डॉक्टर ऑब्रे पाय यांनी नमूद केले.

१९४० साली वयाच्या साठीला टेकलेली ही बाई मेरीला घेऊन अमेरिकेस निघाली. न्यूयॉर्क आणि शिकागो येथे कोणी उभे केले नाही. शेवटी मिनिॲपोलिस शहरी कोल, नॅप आणि पोल या तीन डॉक्टरांनी त्यांना संधी दिली. त्यांनी आधी टीका न करता आधी पाहिले, ही त्यांची थोरवी. १९४१ साली अमेरिकन वैद्यकीय मासिकात अनुकूल लेख आला, पोलिओच्या राष्ट्रीय संस्थेने पाठिंबा दिला, आणि १७ डिसेंबर १९४२ रोजी मिनिॲपोलिस येथे सिस्टर केनी इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. १९४३ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले, १९४६ साली त्यांच्यावर बोलपट झाला. रोझलिंड रसेल ही त्यातील नायिका. १९५१ च्या लोकमताच्या पाहणीत अमेरिकेने सर्वांत आदरणीय स्त्री म्हणून एलिनॉर रूझवेल्ट यांच्याही वर केनींना निवडले.

येथेच चरित्र संपविले तर ते गोड होईल, पण पुरे होणार नाही. १९४४ साली अमेरिकन डॉक्टरांच्या समितीने केनींच्या दाव्यांवर कडक टीका केली, आणि ती सगळीच द्वेषाची नव्हती. पोलिओचे पुष्कळ रुग्ण कोणत्याही उपचाराशिवाय आपोआप बरे होतात. मग जो बरा झाला तो शेकाने झाला की निसर्गाने, हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी सारख्या आजाराचे दोन गट करावे लागतात, एकास एक उपचार, दुसऱ्यास दुसरा, आणि मग मोजमाप. केनींना अशा तुलनेत रस नव्हता. डोळ्यांपुढचे मूल हाच त्यांचा पुरावा. शिवाय हा मुख्यतः स्नायूंचा रोग आहे हे त्यांचे मत चुकीचे होते. मज्जारज्जूतील पेशी नष्ट होतात हे निर्विवाद होते, आणि नष्ट झालेली पेशी शेकाने परत येत नाही. स्वभाव तापट, विरोध सहन होत नसे, आणि मदत करणाऱ्या डॉक्टरांशीही त्यांचे खटके उडत.

परंतु उपपत्ती चुकली म्हणून हाताचे काम चुकत नाही. हळूहळू फळ्या आणि प्लास्टर मागे पडले, कडक टीका करणाऱ्यांनीही शेक आणि लवकर हालचाल स्वीकारली. डॉक्टरांच्या अभिमानाने काही वर्षे वाया गेली, तशीच केनींच्या हट्टानेही गेली; आणि त्या वर्षांची किंमत मोजली ती बांधून ठेवलेल्या मुलांनी, तसेच न मिळणाऱ्या बरेपणाची आशा धरून बसलेल्या आईबापांनी. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनुभवी बाईचे म्हणणे ती शिकलेली नाही म्हणून झिडकारू नये, आणि ती अनुभवी आहे म्हणून तपासल्यावाचून मानूही नये.

पोलिओच्या मुलांसाठी झटणारी स्त्री आपल्या मुंबईतही होऊन गेली. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण करताना इतर मुलांचे हाल त्यांनी पाहिले आणि १९४७ साली अशा मुलांसाठी काम उभे केले. हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच वाढले, आणि १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

केनींच्या अखेरच्या वर्षांत दैवाचा विचित्र खेळ झाला. दुसऱ्यांना हालचाल शिकविणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या हातांना पार्किन्सनच्या विकाराने कंप सुटला. १९५१ साली त्या टुवूम्बाला परतल्या आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. नॉबीच्या मातीतच त्यांना पुरले. अडीच वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, डॉक्टर सॉल्क यांची लस गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले. ही लस लाखो मुलांना दोन गटांत विभागून, एका गटास खरी लस व दुसऱ्यास नुसते पाणीवजा औषध देऊन तपासलेली होती. केनींनी जी परीक्षा टाळली तीच येथे उपयोगी पडली.

मिनिॲपोलिसची संस्था आज करेज केनी या नावाने पुनर्वसनाचे काम करते. पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला आज फिजिओथेरपिस्ट लवकर उठवून बसवितात, हालचालीकडे लक्ष देण्यास सांगतात, एकेक कृती पुनःपुन्हा करून घेतात. शरीर विसरलेली चाल पुन्हा शिकू शकते, या विश्वासामागे अनेक संशोधकांचे श्रम आहेत, आणि त्या रांगेत पुढच्या बाजूस ही अल्पशिक्षित परिचारिका उभी आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे आजारपण असेल, तर त्या भगिनींना माझे एवढेच सांगणे, की डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने व्यायाम रोज चालू ठेवा, न कंटाळता, न घाबरता. घाई करू नका, पण बांधूनही ठेवू नका.