महर्षी कर्वे : धर्म, रूढी आणि जपान

जपानमध्ये वाढणारी आपली मुले विचारतात, हे का पाळायचे आणि ते का नाही? धर्म कोणता आणि नुसती रूढी कोणती, हे समजावताना मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांच्या कार्याचा एक धागा जपानशीही जुळलेला आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली गावी झाला. बालपण मुरूडला गेले. पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर कुमारिकेशी लग्न करण्यास समाजाची काहीच हरकत नव्हती. विधुराला सारे माफ, विधवेच्या नशिबी मात्र केशवपन! अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या बालविधवेशी पुण्यात विवाह केला. मुरूडने बहिष्कार टाकला. त्याची झळ त्यांच्या आईला आणि भावालाही सोसावी लागली.

अण्णांनी कुणाशी वाद घातला नाही. १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत आला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते हिंगण्याला पायी जात. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापला. कल्पना गीतेची, पण हा मठ संसार करून समाजाची सेवा करणाऱ्यांचा! जुने शब्द त्यांनी टाकले नाहीत, त्यांत नवा अर्थ भरला.

पुढे बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाठवली. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये स्थापलेले हे विद्यापीठ आजही मेजिरो भागात आहे. त्यातून प्रेरणा घेऊन अण्णांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून ठेवले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि आजचे एस.एन.डी.टी. विद्यापीठ उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले अण्णा १९२९ मध्ये जगप्रवासाला निघाले, त्या प्रवासात जपानलाही आले.

१९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

परक्या देशातले चांगले घ्यावे, आपले चांगले जपावे आणि माणसाला दुखावणारी रूढी सोडावी, एवढे मला त्यांच्या चरित्रातून कळले. मुलांच्या प्रश्नांना रागावण्याऐवजी आपण हीच कसोटी लावू या. बुद्धिदात्या गणरायाकडे यंदा एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!