मित्राची गोष्ट सांगणारे तेंडुलकर

'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' या फ्रेंच चित्रपटाला २०१३ साली कान महोत्सवातील सर्वोच्च सन्मान मिळाला. शाळेत शिकणाऱ्या एका मुलीचे दुसऱ्या तरुणीवर जडलेले प्रेम आणि पुढे त्यांची झालेली ताटातूट हा त्याचा विषय. आपल्याकडील अनेक रसिकांना तो धाडसी वाटला. परंतु मराठी प्रेक्षकाने असे प्रेम त्याआधी ३२ वर्षे रंगमंचावर पाहिले होते. ते नाटक होते 'मित्राची गोष्ट', आणि नाटककार अर्थातच विजय तेंडुलकर.

६ जानेवारी १९२८ रोजी जन्मलेल्या तेंडुलकरांचे वडील कारकुनी करत आणि जोडीला पुस्तक प्रकाशनाचा लहानसा उद्योगही. पुस्तकांची गोडी घरातच लागली. शाळा मात्र बेचाळीसच्या चळवळीत सुटली ती सुटलीच. पुढे वृत्तपत्रांतील नोकऱ्यांनी त्यांना माणसे न्याहाळायला शिकवले. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाने त्यांचे नाव देशभर नेले. 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर' यांनी वादळे ओढवून घेतली. समाज ज्यांना कोपऱ्यात उभे करतो, त्यांच्यापाशी जाऊन बसायचे आणि निवाडा मात्र द्यायचा नाही, ही त्यांची रीत होती.

१९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेले 'मित्राची गोष्ट' याच रीतीचे. काळ चाळिशीच्या दशकातला, वातावरण महाविद्यालयाचे. सुमित्रा देव म्हणजेच मित्रा ही बेधडक, चारचौघींत न मिसळणारी तरुणी. नाटकात तिला पुरुषाची भूमिका मिळते आणि समोरच्या नायिकेवर, नमावर, ती खरोखरच जीव लावून बसते. ही सारी हकीकत सांगतो तो बापू. त्याचे मित्रावर अबोल प्रेम आहे, आणि त्या दोघींच्या भेटींसाठी स्वतःची खोली देण्याची वेळही त्याच्यावरच येते. एका बाजूने न मिळणारे प्रेम आणि दुसऱ्या बाजूने न मान्य होणारे प्रेम यांची अशी गाठ मराठी नाटकात क्वचितच पडली असेल. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा साकारली. तेंडुलकरांनी तिला गोड केले नाही. ती हट्टी आहे, स्वामित्व गाजवणारी आहे, मित्रांना वापरून घेणारीही आहे. त्यामुळेच ती प्रचारातली बाहुली वाटत नाही. शेवटी ती स्वतःला संपवते. अशा प्रेमाला मृत्यूखेरीज वाट का नसावी, हा आक्षेप पुढच्या पिढीने घेतला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

पुढच्याच वर्षी हा विषय पडद्यावरही उमटला. १९८२ च्या 'उंबरठा'ची पटकथा तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर' आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पटेल जन्माने पंढरपूरचे. त्यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. त्यांनी १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' उभे केले, तेव्हापासून 'सामना', 'सिंहासन' असा या जोडीचा प्रवास चालू होता. महिलाश्रमाची अधीक्षक झालेली 'उंबरठा'ची नायिका सुलभा म्हणजे स्मिता पाटील. आश्रमातील दोन स्त्रियांचे परस्परांतील प्रेम उघडकीस येते, तेव्हा भोवतालची माणसे किळस करतात. सुलभा किळस करत नाही, पण तिलाही तो उपचाराने बरा होणारा आजारच वाटतो. घराचा उंबरठा ओलांडणारी ही स्त्री या दुसऱ्या उंबरठ्यापाशी अडखळते. मित्राला तिच्या आतून पाहणाऱ्या लेखकाने सुलभाच्या तोंडी आजाराची भाषा घालावी, ही विसंगती नव्हे. त्या काळचे सुशिक्षित, सहृदय माणूस तेवढेच जाऊ शकत होते, आणि तेंडुलकरांनी ते तसेच दाखवले.

१९८२ हेच ते वर्ष, ज्या वर्षी फ्रान्सने समलिंगी संबंधांबाबतचा कायद्यातील अखेरचा भेदभाव काढून टाकला. भारतात १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम तसेच राहिले. १९९८ मध्ये 'फायर' चित्रपटाच्या निमित्ताने मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तेव्हा 'मित्राची गोष्ट' १७ वर्षांची झाली होती.

तेंडुलकरांची अखेरची वर्षे दुःखाची गेली. मुलगा राजा २००१ साली गेला, तर अभिनेत्री असलेली कन्या प्रिया २००२ साली. १९ मे २००८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ व्या कलमातून सर्वोच्च न्यायालयाने मोकळे केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.